सिएनाचा उतरता चौक आणि पाटबंधारे खात्यातले बाबा

दिवस पहिला

बाबांना इटली दाखवायची म्हणजे रोम, व्हेनिस आणि पिसाचा मनोरा, असं आईनं सांगलीत बसून ठरवूनच टाकलं होतं. ती स्वतः आली नाही, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे बाबा एकटेच म्युनिकला माझ्याकडे दीड महिना राहायला आलेले आणि तिसऱ्या आठवड्यात बाल्कनीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या पन्हाळी मोजायला लागले. म्हटलं आता यांना कुठेतरी न्यायलाच पाहिजे. बाबा गर्दीला जाम कंटाळतात, म्हणून मी सिएना काढलं. आई फोनवर म्हणाली, "हे कुठलं नवीन?" नवीन कसलं आई, आठशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सला घाम फोडणारं गाव आहे ते.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. म्युनिकहून ट्रेननं आदल्या दिवशी फ्लॉरेन्सला मुक्काम केला आणि सकाळी बस पकडली, सव्वा-दीड तासात सिएना. ट्रेन पण जाते, पण स्टेशन डोंगराखाली आहे आणि गाव वर, मग तिथून सरकते जिने चढत चढत यावं लागतं, बस बरी, ती वर आणून सोडते. पण बसमधून उतरल्यावर पुढे सगळं पायी. जुन्या गावाचा मधला भाग त्यांनी १९६०च्या दशकातच गाड्यांना बंद केला, असं करणाऱ्या इटलीतल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. ऐकायला भारी वाटतं, पण चाकाची बॅग दगडी फरशीवरून ओढत नेताना अख्ख्या गल्लीला कळतं पाहुणे आले म्हणून.

वाटेत एका चौकात ती प्रसिद्ध बँक लागली, मोंते देई पास्की, १४७२ची, जगातली अजून चालू असलेली सगळ्यात जुनी बँक म्हणतात तिला. गोरगरिबांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला गहाणावर कर्ज देणारी पेढी म्हणून सुरू झालेली, आणि २०१७ मध्ये बुडायची वेळ आल्यावर सरकारनं पैसे ओतून वाचवली. बाबा म्हणाले, "साडेपाचशे वर्षं टिकली म्हणजे बरीच टिकली की, आपल्याकडच्या पतसंस्था बघ." ह्यावर मी काही बोलले नाही, आमचे पण थोडे अडकलेत एकीत.

खोली सान मार्को नावाच्या रस्त्यावर मिळाली होती. घरमालकीण साठीच्या, मोडकंतोडकं इंग्रजी आणि हात हलवून केलेलं इटालियन, बाबांचं पण सेम, फक्त मराठी. दोघांचं पहिल्या पाच मिनिटांत जमलं. दाराजवळ भिंतीवर एक छोटी चिनीमातीची फरशी, तिच्यावर गोगलगाय. मला वाटलं डेकोरेशन असेल. ही गोगलगाय पुढे आम्हाला महागात पडणार होती.

संध्याकाळी सामान टाकून चौकात गेलो. पियात्सा देल काम्पो. आता ह्या चौकाचे फोटो मी शंभर वेळा पाहिलेले, पण फोटोत एक गोष्ट अजिबात कळत नाही ती म्हणजे उतार. तुम्ही एका अंधाऱ्या बोळातून, कमानीखालून बाहेर येता आणि समोरची जमीन एकदम खाली जाते, बशीसारखी, किंवा खरं तर शिंपल्यासारखी, विटांची लालसर शिंपली, आणि तिच्या सगळ्यात खोल कडेला तो राजवाड्यासारखा पालात्सो पुब्लिको, म्हणजे गावाच्या कारभाराची इमारत, आणि त्याचा उंचच उंच मनोरा. लोक विटांवर सरळ पाय पसरून बसलेले, कोणी आडवे, पोरं पळतायत. मी "बाबा, कसलं भारी ना" म्हणायला वळले तर बाबा खाली बघत होते, चपलेची टाच विटेवर घासून.

"हे अंगठ्याच्या जाडीच्या विटा उभ्या बसवल्यात गं. हेरिंगबोन, माशाच्या काट्यासारख्या तिरक्या. आणि हे पांढरे पट्टे बघ, ते सगळे एका जागी जातायत."

खरंच. पांढऱ्या दगडाचे पट्टे वरून पंख्यासारखे खाली येतात आणि चौकाचे नऊ भाग करतात. नऊ का, तर १२८७ पासून १३५५ पर्यंत सिएनावर नऊ जणांच्या मंडळाचं राज्य होतं, नोवे म्हणजे नऊ. व्यापारी, सावकार लोक, मोठे सरदार मुद्दाम बाहेर ठेवलेले. ही फरसबंदी १३४९ ला पूर्ण झाली. मी हे सगळं वाचून आले होते आणि ऐटीत सांगितलं. बाबा म्हणाले, "नऊ माणसांसाठी केलं असेल, पण पाण्यासाठी पण केलंय. ते पट्टे जिथे मिळतात तिथे जा बघू."

गेलो. पालात्सोच्या दारासमोर, सगळ्यात खालच्या टोकाला, शिंपल्याच्या आकाराची दगडी जाळी. गटाराचं तोंड. त्याला इथे गावीनोने म्हणतात हे मला नंतर घरमालकीणबाईंकडून कळलं. जगातल्या सगळ्यात देखण्या चौकातल्या सगळ्या रेघा एका गटाराकडे जातात, आणि बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी शेवटचा माझ्या लग्नात पाहिला होता, तेव्हाही मांडवाचं पाणी नीट वाहून जातंय हे बघताना.

रात्री पिची खाल्ली, हातानं वळलेली जाड शेवयांसारखी पास्ता, टोमॅटो आणि भरपूर लसूण घातलेली, पूर्ण शाकाहारी. ब्रेड मात्र अळणी, तस्कनीत ब्रेडमध्ये मीठ घालतच नाहीत. बाबांनी खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली. मी शेजारच्या टेबलाकडे बघितलंच नाही.

दिवस दुसरा

सकाळी मनोऱ्यावर चढायचा प्लॅन होता. तोर्रे देल मान्जा, विटांचं बांधकाम, वरचं डोकं पांढऱ्या दगडाचं, ८७-८८ मीटर उंच, चारशेच्या आसपास पायऱ्या. नाव पडलं पहिल्या घंटा वाजवणाऱ्याच्या टोपणनावावरून, मान्जागुआदान्यी, म्हणजे कमाई खाणारा, पगार झाला की उडवणारा. अशा माणसाच्या नावानं गावातली सगळ्यात उंच गोष्ट ओळखली जाते, आणि ज्या नऊ लोकांनी ती बांधायला घेतली त्यांची नावं मलाही सांगता येणार नाहीत.

तर आम्ही तिकिटाला उभे राहिलो आणि पाऊस सुरू झाला. पावसात मनोरा बंद ठेवतात. माझा मूड गेला. बाबांचा आला.

"चल, आडोशाला थांबू."

"बाबा, भिजाल, आत जाऊ ना म्युझियममध्ये."

"अगं म्युझियम कुठे पळून जात नाही. पाऊस जाईल."

मग आम्ही वरच्या बाजूला एका कॅफेच्या कनातीखाली अर्धा तास उभे. आधी विटा नुसत्या काळ्या पडल्या. मग त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेनं बारीक धारा धरल्या, मग त्या धारा जाड झाल्या, आणि नऊच्या नऊ भागांतलं पाणी खाली सरकत सरकत त्या जाळीपाशी गोळा व्हायला लागलं. कुठे डबकं नाही, म्हणजे नावालाही नाही. बाबा हळूच म्हणाले, "लेव्हल कशानं घेतली असेल रे ह्यांनी." मला "रे" म्हणाले म्हणजे ते माझ्याशी बोलतच नव्हते, खात्यातल्या कोणाशी तरी बोलत होते.

गोष्ट अशी आहे की सिएना तीन टेकड्यांवर आहे आणि त्यांचा जिथे मेळ होतो तो खड्डा म्हणजे हा चौक. काम्पो म्हणजे शेत, मैदान. सगळीकडचं पावसाचं पाणी इथेच यायचं, बाजार पण इथे भरायचा. दुसरं कोणी असतं तर भराव टाकून सपाट केलं असतं, ह्यांनी उतार तसाच ठेवला आणि त्यालाच चौक म्हटलं. शिवाय चौकाकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या एकसारख्या ठेवायच्या, बाल्कन्या काढायच्या नाहीत, असा नियम तेराव्या शतकातच केला. पालात्सोचं काम १२९७ च्या सुमारास सुरू झालं. नीट बघितलं तर तो पण सरळ नाहीये, चौकाला कवेत घेतल्यासारखा किंचित आत वळलाय.

पाऊस थांबेना म्हणून शेवटी आत गेलो. आणि आतल्या एका हॉलमध्ये मी जे बघायला आले होते ते होतं. नऊ जणांच्या बैठकीची खोली, तिच्या भिंतींवर अंब्रोज्यो लोरेन्झेत्तीनं १३३८-३९ मध्ये काढलेली चित्रं. एका बाजूला चांगला कारभार आणि त्याचा शहरावर, खेड्यावर होणारा परिणाम, दुसऱ्या बाजूला वाईट कारभार. देवाधर्माचा विषय नाही, राजाचं कौतुक नाही, सरळ राज्यकारभार. सातशे वर्षांपूर्वी एवढं मोठं असं दुसरं चित्र मला तरी माहीत नाही.

चांगल्या बाजूला गर्दीच गर्दी. मध्ये फेर धरून नाचणारे, चपलांचं दुकान, वर्गात शिकवणारा मास्तर, गाढवावर लादलेलं ओझं, वर छपराजवळ परांचीवर उभे राहून भिंत चढवणारे गवंडी. वेशीबाहेर खेडं सुरू होतं, आणि वेशीतून आत येताना एक माणूस एक डुक्कर हाकत आणतोय, काळं, अंगावर पांढरा पट्टा. ते तसलं डुक्कर अजून सिएनाच्या आसपास पाळतात, चिंता सेनेझे, म्हणजे पट्टेवाली. मी त्या डुकरासमोर बराच वेळ उभी होते. बाकीचं सगळं काय व्हायला पाहिजे ते दाखवतं, हे डुक्कर मात्र चित्रकारानं नक्की त्या दिवशी सकाळी बघितलं असणार.

वाईट कारभाराची भिंत जास्त खराब झालीय, पोपडे गेलेत. शिंगं असलेला जुलमी राजा दिसतो, खाली न्यायदेवता बांधून टाकलेली, शहरात पडकी घरं. खोलीत बसणाऱ्या नऊ जणांना मान वळवली की दोन्ही दिसायचं. आणि ते लोक तिथे नुसते मीटिंगला यायचे नाहीत, निवडून आले की दोन महिन्यांची मुदत, तेवढे दोन महिने ह्याच इमारतीत राहायचं, सणावाराशिवाय बाहेर पडायचं नाही, म्हणजे कोणी गाठून काही चिकटवायला नको. बाबा एकदम खूश, "असं आमच्याकडे टेंडर उघडायच्या टायमाला करायला पाहिजे होतं."

तिथून जवळच सरकारी दफ्तरखान्यात जुन्या खजिन्याच्या हिशेबवह्यांची लाकडी कव्हरं आहेत, ती पण बघून आलो. दर मुदतीच्या वहीच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून घ्यायची पद्धत होती, सगळ्यात जुनं १२५८ चं, त्यावर खजिनदार साधू बसलेला. साधू का, तर बायकापोरं नाहीत म्हणजे पैसे खाणार नाही असा हिशेब असणार, हा बाबांचा तर्क. चांगले चांगले चित्रकार ह्या कामाला लावलेले. बाबांनी चौतीस वर्षं मेजरमेंट बुकं भरली, एम.बी. म्हणजे त्यांच्यासाठी गीता, ते म्हणाले आमच्या एम.बी.ला नुसतं जाड खाकी कव्हर असायचं आणि तेही ऑफिसात शिल्लक नसायचं.

संध्याकाळी पाऊस थांबला. चौकात फोंते गाया, म्हणजे आनंदाचा झरा, त्याच्या कठड्याशी बसलो. चौकात नळाचं, सॉरी, झऱ्याचं पाणी पहिल्यांदा आलं १३४२ मध्ये आणि लोकांनी म्हणे नाचून साजरं केलं, म्हणून आनंद. संगमरवरी कोरीवकाम याकोपो देल्ला क्वेर्चानं १४१९ ला पुरं केलं, आत्ता दिसतं ती एकोणिसाव्या शतकातली नक्कल, खरे तुकडे झिजले म्हणून समोरच्या टेकडीवर जुन्या हॉस्पिटलच्या म्युझियममध्ये ठेवलेत. पण त्याच्या आधीची भानगड मला जास्त आवडते. गावात खणताना एक जुनी व्हीनसची मूर्ती मिळाली, लोकांनी कौतुकानं कारंज्यावर बसवली. मग १३४८ चा प्लेग आला, लढाया हरले, आणि लोक म्हणायला लागले की ही नागडी बाई आल्यापासून आपलं वाटोळं झालं. १३५७ मध्ये सभेत ठराव करून मूर्ती उतरवली, फोडली, आणि गोष्ट अशी सांगतात की तुकडे रात्री फ्लॉरेन्सच्या हद्दीत नेऊन पुरले, म्हणजे ती पनवती तिकडे जाऊदे. नारळ-लिंबू उतरवून शेजाऱ्याच्या दारात टाकणारे फक्त आपणच नाही.

दिवस तिसरा

आज कॅथेड्रल. बाहेरून काळे-पांढरे पट्टे, आतून पण खांबांना काळे-पांढरे पट्टे, बाबा म्हणाले डोळ्यापुढे मुंग्या येतात. पण जमीन बघा. संगमरवराची, ५६ चित्रं जडवलेली, जवळजवळ दोनशे वर्षं काम चाललेलं. एरवी बराच भाग झाकून ठेवतात, वर्षातले थोडे महिनेच उघडतात, आम्हाला नशिबानं उघडी मिळाली. एका चित्रात सिएनाची लांडगी, दोन बाळांना पाजणारी, आणि भोवती इतर गावांचे प्राणी. रोमची लांडगी इथे कशी, तर इथली आख्यायिका की गाव वसवलं रेमसच्या, म्हणजे रोम वसवणाऱ्या रोम्युलसच्या भावाच्या पोरांनी, सेनियस आणि आस्कियस, काकानं बापाला मारलं म्हणून पळून आलेले. चुलत्याशी वाद, वाटणी, नवीन गाव. आपल्याकडच्या निम्म्या वाड्या अशाच वसल्यात.

बाजूच्या म्युझियममध्ये दुच्चोची माएस्ता आहे, प्रचंड मोठं सोनेरी चित्र, मधोमध मेरी. ९ जून १३११ ला चित्रकाराच्या घरापासून मिरवणुकीनं, घंटा वाजवत, काम्पोला वळसा घालून हे चर्चमध्ये नेलं, त्या दिवशी दुकानं बंद. मेरी म्हणजे ह्या गावाची मालकीण, १२६० मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईआधी गावानं स्वतःला तिच्या हवाली केलं आणि ४ सप्टेंबरला फ्लॉरेन्सच्या मोठ्या सैन्याला झोडपलं. घरमालकीणबाई ती तारीख अशी सांगतात जणू त्यांचे मामा होते त्या लढाईत.

मग फाच्चातोने. ही भिंत बघितल्याशिवाय सिएना कळत नाही असं माझं मत झालंय. १३३९ मध्ये ह्या लोकांनी ठरवलं की आहे ते कॅथेड्रल लहान पडतं, फ्लॉरेन्सला खाली बघायला लावायचं, म्हणून आत्ताचं अख्खं चर्च नव्या चर्चचा नुसता आडवा हात होईल एवढं अवाढव्य बांधायला घेतलं. खांब उभे राहिले, समोरची भिंत चढली. आणि १३४८ च्या वसंतात प्लेग पोचला. काही महिन्यांत निम्मं गाव, कोणी म्हणतं त्याहून जास्त, मेलं. आन्योलो दी तुरा म्हणून एकानं लिहून ठेवलंय की माझी पाच पोरं मी माझ्या हातानं पुरली. लोरेन्झेत्ती आणि त्याचा भाऊ पिएत्रो, दोघंही बहुतेक त्यातच गेले, म्हणजे तो पट्टेवालं डुक्कर बघणारा माणूस. काम थांबलं, ते थांबलंच. आज ती समोरची भिंत नुसती एकटी उभी आहे, मागे छप्पर नाही, मधल्या खांबांच्या ओळीत पार्किंग आणि कबुतरं, जिथे नव्या चर्चचं पोट असणार होतं तिथे उघडा चौक.

त्या भिंतीत अरुंद जिना आहे, वर गेले. बाबा खालीच थांबले. वरून गाव दिसतं ते विटेच्या रंगाचं, एकही उंच नवीन बिल्डिंग नाही, कडेला तटबंदी आणि तटबंदीला लागून लगेच हिरवं. इतकं कसं तसंच राहिलं? कारण ते हरले. प्लेगनंतर गाव पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. १५५४ च्या जानेवारीत मेदिची, म्हणजे फ्लॉरेन्सचं राज्यकर्तं घराणं, आणि स्पॅनिश यांच्या फौजांनी वेढा घातला, आतलं धान्य संपलं, म्हातारी-आजारी, काम न करणारी माणसं "निरुपयोगी तोंडं" म्हणून वेशीबाहेर काढली, बाहेरचे त्यांना पुढे जाऊ देईनात, तटाखालीच मेली बिचारी. एप्रिल १५५५ ला शरण गेले. काहीशे कुटुंबं तरी मोंताल्चीनोला पळाली आणि १५५९ पर्यंत "आम्हीच सिएनाचं प्रजासत्ताक" म्हणत राहिली. मग फ्लॉरेन्सच्या हाताखाली. पैसा नाही, म्हणून जुनं पाडून नवीन बांधणं नाही. जे आपण तिकीट काढून बघतो ते गरिबीनं सांभाळलेलं आहे, आणि पालात्सोच्या दर्शनी भिंतीवर मेदिचींचं सहा गोळ्यांचं चिन्ह अजून लावलेलं आहे, ते कोणी काढलं नाही.

खाली आले तर बाबा गायब. फोन उचलेनात. पंधरा मिनिटांनी डुलत डुलत आले, गळ्यात पिवळा-निळा रेशमी रुमाल, त्यावर मोठं कासव. "नातवाला घेतला. कासव शुभ असतं, देवळात गाभाऱ्यासमोर असतंच की." छान दिसत होता म्हणून मी पण काही बोलले नाही, बाबा दिवसभर तोच घालून फिरले.

दुपारी त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा, फोंतेब्रांदा. सान दोमेनिको चर्चच्या खाली, खूप खाली, एकदम उतार. त्या चर्चमध्ये संत कॅथरिनचं डोकं ठेवलंय काचेमागे, खरं डोकं, बाबांनी लांबूनच हात जोडले आणि बाहेर पडले. पण कॅथरिन ह्याच उतारावरची, १३४७ ला जन्मलेली, रंगाऱ्याची पोरगी, विसाहून जास्त भावंडं, पुढे पोपला फ्रान्समधून रोमला परत यायला भाग पाडणाऱ्यांत तिचा मोठा वाटा. रंगारी इथे का राहायचे, तर पाणी इथे.

सिएनाला नदी नाही. टेकडीवर गाव वसवलं आणि पाण्याची बोंब. जमिनीखाली डायना नावाची गुप्त नदी आहे म्हणून खणत राहिले, कवी दान्तेनं त्यावरून टोमणा मारून ठेवलाय, सापडली नाहीच. मग केलं काय, तर गावाखालच्या मऊ दगडात माणूस वाकून चालेल एवढे बोगदे खोदले, बोत्तीनी, सगळे मिळून जवळजवळ २५ किलोमीटर, लांबून झिरपणारं पाणी थेंब थेंब गोळा करत आणायचं. उतार किलोमीटरला साधारण एक मीटर. हे मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा रस्त्याच्या मधेच थांबले.

"हजारात एक? डोंगराच्या पोटात, अंधारात? तेराव्या शतकात?"

"हो."

"आम्हाला उन्हात डंपी लेव्हल लावून चुकायचं गं."

बोत्तीनीत उतरायला आधी बुकिंग लागतं, ते मला मिळालं नव्हतं, आणि हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. तिथे सांगितलं. चेहरा पडला, पण फोंतेब्रांदानं वाचवलं. तीन मोठ्या टोकदार विटांच्या कमानी, बाहेर दगडी सिंहांची तोंडं, आत हिरवं थंड पाणी. नाव १०८१ पासून सापडतं, आत्ताचं रूप १२४६ चं. तीन हौद असायचे. पहिल्यात माणसांच्या पिण्याचं पाणी. ते ओसंडून दुसऱ्यात, जनावरांना. ते ओसंडून तिसऱ्यात, धुणं. आणि तिथून पुढे कातडी कमावणारे, रंगारी, मग खाली गिरण्या. पिण्याच्या हौदात कोणी काही धुतलं तर जबर दंड. एक थेंब चार-पाच वेळा कामाला लावून मगच सोडायचा. बाबा कठड्यावर बसले, पाण्यात बोट घातलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कालव्याच्या टेलला, शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही म्हणून माझ्याकडे मोर्चे यायचे. इथे टेलवाला चांभार आणि त्याला पण पाणी."

एवढं चढून परत येईपर्यंत माझी वाट लागली. घरी दार उघडलं, मालकीणबाई हसत समोर आल्या आणि बाबांच्या गळ्याकडे बघून तोंड जे पडलं त्यांचं. आधी मला कळेचना. मग बोलत सुटल्या, निम्मं कळलं, पण निम्मं पुरेसं होतं.

तर सिएनात सतरा कोंत्रादा आहेत, सतरा आळ्या समजा, प्रत्येकीचा प्राणी किंवा चिन्ह, रंग, चर्च, म्युझियम, पोरं जन्मली की चर्चच्या बाप्तिस्म्याशिवाय आळीच्या झऱ्यावर वेगळा बाप्तिस्मा. हद्दी १७२९ मध्ये आखून दिलेल्या, आजही त्याच. आणि २ जुलै आणि १६ ऑगस्टला काम्पोमध्ये पालियो, घोड्यांची शर्यत, जुलैची १६५६ पासून. विटांवर मातीचा थर घालतात, दहा घोडे, खोगीर नाही, तीन फेऱ्या, सव्वा-दीड मिनिटात खेळ खलास. स्वार पडला तरी नुसता घोडा पहिला आला की जिंकला. बक्षीस काय तर रंगवलेलं एक रेशमी कापड. शर्यतीआधी घोड्याला आळीच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात आणि त्यानं तिथे शेण टाकलं तर शुभ. बहुतेक आळ्यांची एक ठरलेली वैरीण आळी, आणि स्वतः जिंकण्याइतकाच आनंद वैरी हरण्याचा. आमची बाई गोगलगाय. शेजारची गल्ली कासव. ह्या दोघींचं पिढ्यान्‌पिढ्या वैर. आणि बाबा त्यांच्याच घरात, त्यांच्याच जिन्यावर, कासव गळ्यात घालून उभे.

बाबांनी रुमाल काढून खिशात कोंबला आणि मला म्हणाले, "सॉरी कसं म्हणायचं यांच्यात?" स्कूझी म्हटलं. बाई हसायला लागल्या, कॉफी टाकली, बदामाची रिच्चारेल्ली ठेवली पुढ्यात, आणि मग स्वतःच्या आळीची गोष्ट सांगितली. एकदा शर्यतीआधी गोगलगायवाल्यांनी संत आंतोन्योला खूप आळवलं, नवस बोलले, तरी हरले, तर रागानं लोकांनी त्याची मूर्ती उचलून विहिरीत टाकून दिली. तेव्हापासून गावात ह्यांना "आफ्फोगासांती" म्हणतात, संतांना बुडवणारे. सांगताना बाईंना लाज वगैरे काही नाही, उलट ताठ बसल्या. मी बाबांना मराठीत सांगितलं तर बाबांनी मांडीवर थाप मारली, "सांग त्यांना, आपल्याकडे पण देव पाण्यात घालून बसतात. फक्त आपण निकालाआधी घालतो, ते नंतर घालतात." हे इटालियनमध्ये कसं सांगायचं? मी हातवारे केले, बाईंना काहीतरी वेगळंच कळलं आणि त्या अजून हसल्या.

दिवस चौथा

दुपारची बस, सकाळ मोकळी, आकाश निळं. शेवटी मनोरा. बाबा म्हणाले तू जा, मी इथे आहे. जिना इतका अरुंद की समोरून येणाऱ्याला वाट द्यायला भिंतीला चिकटावं लागतं, आणि माझ्यापुढे एक दादा गिटारची बॅग घेऊन चढत होते, का ते देव जाणे. वर पोचले तेव्हा गुडघे थरथरत होते. वरच्या मोठ्या घंटेला सगळे सुंतो म्हणतात, अस्सुंता म्हणजे मेरीवरून आलेलं लाडाचं नाव.

खाली शिंपला. नऊ पाकळ्या एकदम स्वच्छ, सकाळच्या उन्हात मनोऱ्याची सावली त्यावर सूर्यघड्याळाच्या काट्यासारखी पडलेली आणि माणसं बरोब्बर त्या सावलीत बसलेली, सावली सरकेल तशी ती पण सरकत असणार. बाबांना शोधलं. जाळीपाशी होते, अर्थातच. शेजारी झाडूवाला, केशरी जॅकेट घातलेला, आणि दोघांचं हातांनी बोलणं चाललेलं. झाडूवाला पालात्सोकडे हात करून मागे, खाली, लांब दरीकडे दाखवत होता. बाबा मान हलवत होते. मग बाबांनी पाण्याची बाटली उघडली आणि थोडं पाणी विटांवर ओतलं, आणि दोघं कमरेवर हात ठेवून ते जाताना बघत उभे राहिले.

मी वरून हाक मारली. ८७ मीटरवरून काय ऐकू जाणार, पण मारली.

बसमध्ये बसल्यावर आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "काय हो, बघितलंत का काही?" बाबांनी आधी रुमाल दाखवला, कासव दिसेल असा उलगडून, मग म्हणाले, "अगं, सगळं पाणी राजवाड्याच्या खालून मागच्या दरीत काढलंय." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांना पिसाला का नाही नेलंस?"